सगळ्यांनी 25 तारखेलाच जमायला हवं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. यंदा पहिल्यांदाच नाताळला अख्खं कुटुंब तुमच्या घरी जमणार आहे, लहानमोठे धरून 26 जण. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत, सासरे याच वर्षी मार्चमध्ये गेले. दोन दीर वाटणीवरून वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. नणंदेला 25 तारखेला तिच्या सासरीही जायचंय आणि त्यावरून आत्तापासूनच रुसवेफुगवे सुरू झालेत. भेटवस्तूंचा खर्च दरवर्षी वाढतोय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, तुम्ही एक वाक्य टाकलंय: "गेल्या वर्षी मोठ्या जाऊबाई दिवसभर स्वयंपाकघरात होत्या आणि संध्याकाळी एकट्याच बसून रडल्या."

ताई, माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य तेच आहे. त्याकडे येते, पण आधी तारखेचं बोलू, कारण तारखेची गाठ सुटली की बाकीच्या निम्म्या गाठी आपोआप सैल होतात.

मी 23 वर्षं कुटुंब-समुपदेशनाचं काम करते, आणि त्यातली बरीच वर्षं माझ्या माहेरचा नाताळही माझ्याच घरी होतो. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्याकडे जी माणसं येतात त्यांची भांडणं ऐकली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ती भांडणं क्वचितच मोठ्या कारणावरून झालेली असतात. एकाच दिवसावर, एकाच जेवणावर सगळ्यांनी सगळं ओझं टाकलेलं असतं आणि कोणाला काय हवंय हे कोणीच मोकळेपणाने बोललेलं नसतं. आईला वाटतं मुलगी येणारच. मुलीला वाटतं आईला कळेलच. सासूला वाटतं सुनेने हे विचारायचीसुद्धा गरज नाही. मग 25 तारखेला दुपारी एक वाजता एक खुर्ची रिकामी राहते आणि तिचा अर्थ प्रत्येकजण आपापल्या परीने लावतो.

म्हणून पहिला सल्ला: मोठा मेळा 25 तारखेला ठेवूच नका.

हे ऐकून सासूबाईंना धक्का बसेल, मला माहीत आहे. पण नाताळ हा एका दिवसाचा सण कधीच नव्हता. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेही दिलेली नाही. 25 डिसेंबरला तो साजरा होत असल्याचा सगळ्यात जुना दाखला रोममधला, 336 सालचा, आणि तोही 354 साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात सापडतो. पुढे 567 साली आजच्या फ्रान्समधल्या तूर शहरातल्या धर्मपरिषदेने नाताळपासून 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंतचा (एपिफनी) सगळा काळ सणाचाच मानला. नाताळचे बारा दिवस म्हणतात ते हेच. आर्मेनियन अपोस्टॉलिक चर्च आजही ख्रिस्तजन्म 6 जानेवारीला साजरा करतं. रशिया आणि सर्बियातली ऑर्थोडॉक्स चर्चेस जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतात आणि ते पंचांग सध्या 13 दिवस मागे असल्यामुळे त्यांचा 25 डिसेंबर आपल्या 7 जानेवारीला येतो. युक्रेनने तर 2023 साली सुट्टीची तारीखच 7 जानेवारीवरून 25 डिसेंबरवर आणली. देशच्या देश तारीख बदलतात, तर एका घराने जेवणाचा दिवस दोन दिवस पुढे नेला म्हणून श्रद्धेला कुठे धक्का लागत नाही.

सासूबाई कॅथलिक असतील तर त्यांना आणखी एक सांगा. नाताळनंतरच्या रविवारी कॅथलिक चर्च पवित्र कुटुंबाचा सण साजरा करतं, म्हणजे येशू, मरिया आणि योसेफ यांच्या घराचा. 25 तारीखच रविवारी आली तर तो सण 30 डिसेंबरला असतो. अख्ख्या गोतावळ्याने जमायला याहून योग्य दिवस मला तरी माहीत नाही. माझ्याकडे आलेल्या किमान चार-पाच घरांनी मोठं जेवण त्या रविवारी नेलं आणि एकाही घराने ते परत 25 तारखेवर आणलं नाही. 25 तारीख मग ज्याच्या त्याच्या छोट्या घराची राहते. सकाळची उपासना, मुलांची पाकिटं उघडणं, दुपारची झोप. नणंद तिच्या सासरी निवांत जाते, आणि रविवारी तुमच्याकडे येते तेव्हा तिची नजर घड्याळावर नसते.

घरच्यांनी हे मान्यच केलं नाही, तर दुसरी वाट पाळीची. सम वर्षी 25 तारीख माहेरची, विषम वर्षी सासरची, आणि ज्या घरी 25 नसेल त्या घरी 24ची संध्याकाळ. पण पाळी ठरवायची तर ती पुढच्या चार वर्षांची लिहून काढा आणि सगळ्यांना पाठवा. तोंडी ठरलेली पाळी दुसऱ्याच वर्षी मोडते, कारण "गेल्या वर्षी आम्ही आलो होतो" हे दोन्ही घरांना सारखंच खरं वाटत असतं. एकाच दिवशी दोन घरी दोन जेवणं मात्र करू देऊ नका. दोन्हीकडे अर्धपोटी बसणारी, दोन्हीकडून लवकर निघणारी आणि दोन्हीकडे बोलणी खाणारी जोडपी मी फार पाहिली आहेत. लहान मुलं असली तर गाडीतच त्यांचा सण संपतो.

आता त्या रडण्याकडे येते.

तुमच्या जाऊबाईंना दिवसभरात किमान दहा जणांनी "काही मदत हवी का?" असं विचारलं असेल, आणि त्यांनी दहाही वेळा "नको, झालंच" म्हटलं असेल. मी हे छातीठोकपणे सांगते कारण मी स्वतः कित्येक वर्षं तेच म्हणत होते. मदत विचारणाऱ्याच्या मनात काही खोट नसते. पण मदत घेण्यासाठी यजमानीणबाईंना आधी थांबावं लागतं, काम शोधावं लागतं, ते समजावून सांगावं लागतं, भांडं कुठे आहे ते दाखवावं लागतं. त्यापेक्षा स्वतः केलेलं पटकन होतं. म्हणून मदत मागूच नका. जबाबदारी वाटून द्या. "सॅलड तुझं" याचा अर्थ सामान आणणं तुझं, चिरणं तुझं, कोणत्या भांड्यात वाढायचं तेही तूच ठरव, आणि जेवण झाल्यावर ते भांडं धुऊन घरी नेणंही तुझंच. त्या सॅलडबद्दल तुमच्या डोक्यात एकही विचार येता कामा नये.

यासाठी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक मोठा कागद घ्या आणि शेजारी कोणाला तरी घेऊन बसा, एकट्या बसू नका. कागदावर फक्त पदार्थ लिहू नका. जी कामं दिसत नाहीत तीच खरी थकवणारी असतात: बर्फ कोण भरून ठेवणार, कचऱ्याची पिशवी दर दोन तासांनी बाहेर कोण नेणार, बाकीचे उपासनेला गेल्यावर सासूबाईंजवळ कोण थांबणार, मुलांना दुपारी अंगणात कोण नेणार, जास्तीच्या खुर्च्या कोणाच्या गाडीतून येणार आणि कोणाच्या गाडीतून परत जाणार, मुख्य जेवण आणि गोड यांच्यामध्ये ताटल्या कोण विसळणार. आमच्या कागदावर पहिल्या वर्षी 41 कामं निघाली. त्यातली 29 माझ्या एकटीच्या डोक्यात होती. माझ्या भावाने तो कागद वाचला, बराच वेळ काही बोलला नाही, मग पेन घेऊन नऊ कामांपुढे स्वतःचं नाव लिहिलं. त्याला आळस कधीच नव्हता, त्याला ती कामं दिसलीच नव्हती.

पुरुषांच्या वाट्याला फक्त मांस कापणं आणि बाटल्या उघडणं देऊ नका. आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कामं द्याच. त्या वयाच्या मुलांना मोठ्यांच्या गप्पांत रस नसतो आणि लहानांच्या खेळात लाज वाटते. पेयांची जबाबदारी पूर्णपणे दिली तर ती मुलं दिवसभर चार माणसांत वावरतात.

स्वयंपाकाबद्दल फार लिहीत नाही, काय करायचं ते तुमचं घर जाणतं. पण 26 जणांचा स्वयंपाक म्हणजे सहा जणांच्या स्वयंपाकाची चौपट नव्हे. अडचण पदार्थांची नसते, फ्रिजमधल्या जागेची आणि ओव्हनच्या वेळेची असते. टर्कीसारखा मोठा गोठवलेला पक्षी अख्खा भाजणार असाल तर तो फ्रिजमध्येच वितळवा. साधारण दर 2 ते 2.5 किलोला 24 तास धरा, म्हणजे 6 किलोच्या पक्ष्याला जवळपास तीन दिवस. ओट्यावर ठेवून वितळवू नका, बाहेरचं मांस उबदार होतं आणि आतलं बर्फच राहतं. धुऊही नका, त्याने जंतू मरत नाहीत, सिंकभर आणि आजूबाजूला उडतात. शिजला की नाही हे रंगावरून ठरवू नका. थर्मामीटर मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता खुपसा आणि 74 अंश सेल्सियस दिसलं की उतरवा. नंतर वीस-तीस मिनिटं तो झाकून तसाच राहू द्या. रस आत मुरतो, आणि तेवढ्या वेळात रिकाम्या झालेल्या ओव्हनमध्ये भाज्या आणि ब्रेड गरम होतात. ही वीस-तीस मिनिटं वेळापत्रकात लिहिलेली असली की शेवटची धावपळ टळते. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. गप्पा रंगल्या की हे हमखास विसरलं जातं, म्हणून ते काम कागदावर कोणाच्या तरी नावावर घाला. उरलेलं उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोण मांस खात नाही, कोणाला मधुमेह आहे हे आधी विचारून घ्या. शाकाहारी माणसापुढे नुसत्या साइड डिश ठेवू नका. त्यांच्यासाठी एक पदार्थ असा करा की बाकीच्यांनाही तो घ्यावासा वाटेल, आणि तो पहिल्यांदा त्यांच्याकडे फिरवा, नाहीतर तोच आधी संपतो.

जेवणाची वेळ एक नको, अडीच ठेवा. माणसं उशिरा येतातच. एकची वेळ दिली की दीडला यजमान चिडतात, अडीचची दिली की मधल्या वेळात थोडं चाखायला ठेवून गप्पा होतात.

भेटवस्तूंचा हिशोब सोपा आहे, फक्त तो कोणी मांडत नाही. 26 जणांनी प्रत्येकाने प्रत्येकाला काही दिलं तर 26 गुणिले 25, म्हणजे 650 वस्तू होतात. मुलं वगळून 16 मोठे धरले तरी 240. म्हणून मोठ्यांमध्ये चिठ्ठ्या टाका, एकाने एकालाच द्यायचं, आणि खर्चाची मर्यादा ठरवा. ती मर्यादा घरात सगळ्यात कमी कमावणाऱ्याला विचारून ठरवा, तेही एकट्याला गाठून. चारचौघांत विचारलं तर तो "कितीही चालेल" असंच म्हणणार.

चिठ्ठ्यांची एक गंमत आहे. सगळ्यांनी एका भांड्यातून चिठ्ठी उचलली तर कोणालाच स्वतःचं नाव न येण्याची शक्यता जेमतेम 37 टक्के असते, माणसं दहा असोत की पन्नास. म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन वेळा पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, आणि कोणाला कोण आलं होतं ते तोवर फुटलेलं असतं. त्याऐवजी असं करा. एका माणसाने सगळी नावं चिठ्ठ्यांवर लिहून त्या पिसायच्या आणि एका रांगेत मांडायच्या. पहिल्याने दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्याने पहिल्याला. प्रत्येकाला फक्त त्याच्या पुढचं नाव कळवायचं. स्वतःचं नाव येण्याचा प्रश्नच उरत नाही. नवरा-बायको शेजारी आले तर एक चिठ्ठी दुसरीकडे सरकवायची, बस. हे काम सासूबाईंना द्या. कोणाला कोण आलंय हे घरात फक्त त्यांनाच ठाऊक असेल, आणि महिनाभर नातवंडं त्यांच्या मागे लागतील.

मुलांसाठी सगळ्यांनी मिळून एकेक चांगली वस्तू घ्या. खेळण्यांमध्ये, वाजणाऱ्या शुभेच्छापत्रांमध्ये, बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्त्यांमध्ये चपट्या गोल बटण-बॅटऱ्या असतात, त्यांचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना हे स्वतः पाहा. अशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजू शकतं. तशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता तडक रुग्णालयात जायचं. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी अख्खे दाणे, सुकामेवा आणि अख्खी द्राक्षं ठेवू नका. आणि कोणत्याही मुलाला "जा, काकांना पापी दे" अशी सक्ती करू नका. ज्यांना मूल वर्षातून एकदा पाहतं ती त्याच्यासाठी अनोळखी माणसं असतात. हात हलवून नमस्कार केला तरी पुरे.

सासूबाईंच्या जागेचा विचार मी तुमच्याइतकाच करतेय, कारण मोठ्या मेळ्यात म्हातारी माणसं सगळ्यात आधी एकटी पडतात. त्यांना मान म्हणून टेबलाच्या टोकाला बसवतात आणि तिथे त्यांना कोणाचंच बोलणं ऐकू येत नाही. कानात यंत्र असेल तर आणखी त्रास, कारण खोलीभरचा गलका एकदम कानात शिरतो. त्यांना मध्यावर बसवा, पाठ भिंतीकडे असू द्या, म्हणजे मागून आवाज येत नाही. समोर बसणाऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडू द्या, ऐकू कमी येणारा माणूस निम्मं ओठांवरून वाचत असतो. खुर्चीला हात असलेली बरी, उठायला आधार होतो. बाथरूमची वाट मोकळी ठेवा, तिथे बूट आणि पिशव्यांचा ढीग नको. आणि जेवताना गाणी बंद. दुपारी त्यांच्यासाठी एका खोलीचं दार लावता येईल अशी व्यवस्था ठेवा, आणि "तुम्ही थकलात, झोपा" असं चारचौघांत सांगण्याऐवजी एखाद्या नातीला त्यांच्याबरोबर आत जायला सांगा.

सासऱ्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. बहुतेक घरं अशा वर्षी असं करतात की त्यांचं नावच काढायचं नाही, म्हणजे आईला त्रास नको. मी कळकळीने सांगते, तसं करू नका. आईच्या मनात तो विषय सकाळपासून असतोच, फक्त तिला तो एकटीला वाहावा लागतो.

माझे वडील गेले त्या वर्षीची गोष्ट सांगते. आमच्याकडे गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, डिसेंबरच्या सुरुवातीला मांडत. मेंढपाळ, बैल, गाढव, मरिया, योसेफ सगळे बसवायचे, पण बाळ येशूची जागा रिकामी ठेवायची. 24च्या रात्री उपासनेहून आल्यावर वडील बाळ आणून ठेवायचे. त्या वर्षी रात्री एक वाजता आम्ही सगळे गव्हाणीपुढे उभे राहिलो आणि लक्षात आलं की बाळ कुठे असतं हे कोणालाच माहीत नाही. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. कपाटं उघडली, पेट्या काढल्या. आई खुर्चीवर बसून नुसती पाहत होती. शेवटी माझ्या बहिणीला ते त्यांच्या टेबलाच्या खणात सापडलं, जुन्या चष्म्याच्या डबीत, कापसात गुंडाळलेलं. डबीच्या आत झाकणावर त्यांच्या अक्षरात प्रत्येक वर्ष लिहिलेलं होतं, एकाखाली एक, जागा संपली म्हणून शेवटची काही आडवी. आईने डबी हातात घेतली आणि वडील गेल्यापासूनच्या नऊ महिन्यांत पहिल्यांदा ती आमच्यासमोर मोकळेपणाने रडली. मग तिनेच बाळ ठेवलं. आता ती डबी आमच्या धाकट्या भाच्याकडे असते आणि वर्ष तोच लिहितो, डबीत घातलेल्या नव्या कागदावर.

गव्हाणी मांडण्याची चाल खूप जुनी आहे. 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावात असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी खरी गव्हाणी, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळची रात्र साजरी केली, तेव्हापासून ती लोकप्रिय झाली असं मानतात. पण प्रत्येक घरात ती कोणाच्या तरी हातांनी मांडली जाते, आणि ते हात गेल्यावरच कळतं की काय काय त्यांच्याकडे होतं. म्हणून डिसेंबर लागायच्या आधी सासूबाईंशेजारी निवांत बसा आणि विचारा, नाताळला बाबा काय काय करायचे? दिवे ते लावायचे का? प्रार्थना तेच म्हणायचे का? मग त्यातलं प्रत्येक काम यंदा कोणी करायचं, की यंदा एखादं तसंच रिकामं ठेवायचं, हे त्यांना ठरवू द्या. बाबांच्या खुर्चीचंही विचारा. काही घरांना ती रिकामी हवी असते, काहींना ती रिकामी दिसली की घास उतरत नाही, तिथे एखाद्या नातवाला बसवलेलं बरं. दोन्ही बरोबर आहे, फक्त तुम्ही परस्पर ठरवू नका. जेवणाच्या सुरुवातीला कोणीतरी त्यांचं नाव घ्या, दोन वाक्यं पुरतात. सुरुवातीलाच घेतलं की पुढे दिवसभर त्यांच्या आठवणी हसतखेळत निघतात. कोणीच घेतलं नाही तर ते नाव संध्याकाळी, एखादा पेला जास्त झाल्यावर, नको त्या वाक्यात निघतं.

आणि आता ते दोन दीर.

सणाच्या दिवशी त्यांचा समेट घडवायचा प्रयत्न करू नका. "आज नाताळ आहे, मिटवून टाका" हे सगळ्यांसमोर म्हणणं म्हणजे ज्याच्यावर अन्याय झालाय असं त्याला वाटतं त्यालाच गप्प बसवणं. तुमच्या यजमानांनी दोघांना आधी वेगवेगळा फोन करावा आणि एवढंच मागावं: आईसाठी तीन तास एका घरात, वाटणीचा विषय नाही, टोमणा नाही. प्रेमाची किंवा माफीची अपेक्षा ठेवू नका. तेवढं बहुतेक माणसं देतात. त्याच फोनवर वाटणीच्या बोलण्यासाठी जानेवारीतली एक तारीख द्या, जागा तुमच्या घराबाहेरची. विषयाला स्वतःची तारीख मिळाली की तो जेवणाच्या टेबलावर उड्या मारत नाही. निघालाच, तर तुमच्या यजमानांनी शांतपणे म्हणायचं, "हे आपण ठरल्याप्रमाणे जानेवारीत बोलणार आहोत," आणि ताटली पुढे करायची. दोघांना समोरासमोर बसवू नका, टेबलाच्या एकाच बाजूला, मध्ये तीन-चार माणसं सोडून बसवा, नजरानजर होत नाही. दोघांच्या बायकांना निरोप्या करू नका, त्यांना आधीच पुरेसं आहे. दारू असेल तर रिकाम्या पोटी नको आणि गोड आल्यावर बाटल्या आत. गाडी चालवणाऱ्यांची नावं आधीच ठरलेली असू द्या.

घरात वेगळ्या धर्माची सून किंवा जावई असेल, किंवा कोणी चर्चला जाणं सोडलं असेल, तर त्यांना उपासनेचं आमंत्रण एकदाच द्या, आनंदाने द्या, आणि नाही म्हटलं तर कारण विचारू नका. परदेशात असलेल्यांना जेवण चालू असताना व्हिडिओ कॉल लावू नका, फोन हातोहात फिरतो आणि कोणी धड बोलत नाही. त्यांच्या वेळेप्रमाणे आधी पंधरा मिनिटं ठरवा आणि फोन एका मुलाच्या हातात द्या, तो एकेकाकडे घेऊन जाईल.

सजावटीत मी तुम्हाला काही शिकवण्यासारखं नाही. झाड खरं असेल तर बुंध्याला रोज पाणी द्या, वाळलेलं झाड झटकन पेट घेतं. झोपताना दिवे बंद करा.

26 माणसं आल्यावर तुम्ही स्वतः कुठे बसणार आहात हे मात्र तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. जागांचा आराखडा काढाल तेव्हा पहिलं नाव तुमचं लिहा, आणि ते स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीवर लिहू नका. त्या खुर्चीवर बसणारी बाई तिथे बसतच नाही, ती उठबस करत राहते. दाराजवळ एखाद्या धाकट्या पुतण्याला बसवा. मोठ्या जाऊबाईंना तुमच्या शेजारी घ्या. त्यांना यंदा एकही काम देऊ नका, आणि का देत नाही तेही त्यांना आधीच, दोघीच असताना, स्पष्ट सांगा: "गेल्या वर्षी तुम्ही एकट्याने केलंत, मला ते दिसलं होतं." त्या नाही म्हणतील, उठायला बघतील, पहिल्या वर्षी त्यांना ते जमणारही नाही कदाचित. मग त्यांना सासूबाईंच्या चिठ्ठ्यांवर बसवा, दोघी मिळून नावं पिसतील.

मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणालाही बोलावू नका. उरलेलं गरम करून खा आणि तो कामांचा कागद फेकू नका. त्यावर जे राहिलं, जे जास्त झालं, जे कोणीच केलं नाही ते तेव्हाच लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी नाताळ असेल त्यांना तो लागेल.